वृद्धाश्रमात माणसं असतात, मग सोबत का नसते?

जागतिक आरोग्य संघटनेचा एक अहवाल ३० जून २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा जाणवतो आणि त्याच्याशी निगडित मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजारांच्या वर जातात, असा अंदाज त्यात आहे. ही बातमी वाचून सीमाभागातल्या कितीतरी घरांत जुनाच विषय नव्याने निघाला असेल. मुलगा पुण्यात, मुलगी बेंगळुरूत नाहीतर गोव्यात, आणि टिळकवाडीतल्या किंवा निपाणीतल्या घरात आई एकटी. दुपारभर दार लावून बसते, संध्याकाळी फोनची वाट बघते. मग कुणीतरी सुचवतं, आश्रमात ठेवू या. तिथे तिच्या वयाची माणसं असतात, गप्पा होतील, वेळ जाईल.

पैसे भरले जातात, खोली मिळते. थोड्याच दिवसांत फोनवर आई म्हणते, "सगळं हाय बघ, पण बोलायला कोण न्हाई." मुलाला हे उलगडत नाही. एवढी माणसं आहेत, पंगतीला एकत्र बसतात, संध्याकाळी आरती होते, तरी बोलायला कुणी नाही? मग दोष आईच्याच माथी येतो: तिलाच मिसळता येत नाही. मला हा दोष चुकीचा वाटतो. एका छपराखाली आल्याने नाती आपोआप जुळत नाहीत. ती जुळायला काही गोष्टी लागतात, त्या बऱ्याचशा साध्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक आश्रम चालवणाऱ्यांच्या व घरच्यांच्या हातात आहेत.

## असिस्टेड लिव्हिंग म्हणजे नेमकं काय

अलीकडे जाहिरातींत 'असिस्टेड लिव्हिंग' हा शब्द दिसतो. त्याचा अर्थ समजायला सहा कामं लक्षात घ्यावी लागतात: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाऊन येणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा ठेवणं आणि आपल्या हाताने जेवणं. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली या सहा कामांवरून माणूस किती स्वावलंबी आहे हे मोजायची पद्धत मांडली आणि ती आजही जगभर वापरतात. यांतल्या एखाद्-दुसऱ्या कामाला मदत लागते, पण चोवीस तास नर्स लागत नाही, अशा माणसासाठीची राहण्याची सोय म्हणजे असिस्टेड लिव्हिंग. अमेरिकेत ओरेगन राज्यात १९८० च्या दशकात ही कल्पना आकाराला आली. खोली माणसाची स्वतःची, दाराची कडी त्याच्या हातात, आणि मदत दार वाजवून आत येणार, असा तिचा गाभा होता.

आपल्याकडे पाटी कुठलीही असो, बहुतेक ठिकाणी सगळे एकत्र असतात. कुणी पायी चालत देवळात जाऊन येतो, कुणाला दोघांनी धरून उठवावं लागतं. ही सरमिसळ पुढे महत्त्वाची ठरते. सोयीसाठी यापुढे मी नुसतं 'आश्रम' म्हणेन.

## चार माणसांत असूनही एकाकी कसं वाटतं

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ साली एकाकीपणाचे दोन प्रकार सांगितले. एक, जीवाभावाचं माणूस नसण्याचा. नवरा किंवा बायको गेल्यावर येतो तो हा. दुसरा, आपलं वर्तुळ नसण्याचा, म्हणजे ज्या लोकांत आपल्याला ओळखतात, आपली दखल घेतात ते लोक नसण्याचा. एकाची उणीव दुसऱ्याने भरत नाही. मुलगा रोज फोन करत असला तरी गल्ली सुटल्याची कसर फोनने निघत नाही.

आणि गल्ली म्हणजे काय होतं? गणपत गल्लीतली भाजीवाली, जी म्हणायची, "दोन दिस दिसला नाहीसा?" दूधवाला, देवळात शेजारी बसणाऱ्या दोघी, पेपर टाकणारा पोरगा. यांतलं कुणीच मैत्रीण किंवा मित्र म्हणण्याइतकं जवळचं नव्हतं. समाजशास्त्रात अशा ओळखींना सैल नाती म्हणतात. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी त्याच १९७३ साली दाखवून दिलं की माणसाला जगाशी जोडून ठेवण्यात या सैल नात्यांचा वाटा मोठा असतो. आश्रमात येताना आपण कपडे, औषधं, देवाचा फोटो घेतो, पण हे सगळं जाळं एका दिवसात मागे राहतं.

जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी अशा निवासांतल्या माणसांची नाती जवळून पाहून २०१२ साली निष्कर्ष मांडले. तिथे अनोळखीपासून जिवलगापर्यंत सगळे प्रकार आढळतात, पण बहुतांश नाती शेजाऱ्यासारखी, बोलण्याचालण्यापुरती असतात, आणि राहणाऱ्यांना त्यांचंही मोल असतं. म्हणून आईला तिथे जिवलग मैत्रीण मिळाली का, हा प्रश्न लगेच विचारू नये. सकाळी तिला नावाने हाक मारणारी, ती पंगतीला आली नाही तर चौकशी करणारी तीन-चार माणसं झाली का, हे आधी विचारावं.

## बरोबर चालणारी माणसं

मानसशास्त्रज्ञ टोनी अँटोनुची आणि रॉबर्ट कान यांनी १९८० साली मांडलेला एक विचार इथे कामाला येतो. माणूस आयुष्यभर काही माणसांच्या सोबतीने चालतो. काही अगदी जवळ, काही मधल्या अंतरावर, काही कडेला. वाटेत काही गळतात, काही नव्याने येतात, कडेचा कधी जवळ येतो. बेळगाव-खानापूरकडून पंढरपूरला पायी जाणाऱ्या दिंडीत जो चालला आहे, त्याला हे वेगळं समजवायला नको. पहिल्या मुक्कामाला ज्याचं नावही ठाऊक नसतं, तो पाचव्या मुक्कामाला आपली पिशवी सांभाळत असतो. पण दिंडीत हे घडतं कारण तिथे चाल एक असते, अभंग एक असतो, भाकरी वाटून खावी लागते, आणि प्रत्येकाकडे काहीतरी काम असतं. हे सगळं काढून घेतलं आणि तीच माणसं एका हॉलमध्ये भिंतीला टेकवून बसवली, तर मुक्कामामागून मुक्काम गेले तरी ती अनोळखीच राहतील. आश्रमात नेमकं हेच होतं.

## खुर्च्या कुठे आहेत ते बघा

भिंतीला टेकवून बसवणं, हे शब्दशः खरं आहे. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या एका इस्पितळात वृद्ध स्त्रियांचा वॉर्ड नव्याने रंगवला होता, स्वच्छ होता, तरी बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांनी पाहिलं की सगळ्या खुर्च्या भिंतीला लावून ओळीत मांडल्या आहेत. त्यांनी चौकोनी टेबलं आणली, खुर्च्या त्यांच्याभोवती समोरासमोर ठेवल्या, टेबलांवर मासिकं आणि फुलं ठेवली. काही आठवड्यांत आपसातलं बोलणं जवळजवळ दुप्पट झालं. १९५८ साली हे प्रसिद्ध झालं, आणि तरीही आज आपल्याकडच्या बहुतेक आश्रमांत खुर्च्या भिंतीलाच असतात, कारण तसा झाडू मारायला सोपं जातं.

जवळ राहण्याचंही तसंच. अमेरिकेतल्या एमआयटीत विद्यार्थ्यांच्या वसाहतीवरच्या, १९५० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की कुणाची कुणाशी मैत्री होणार हे बरंचसं दारं किती जवळ आहेत आणि जिना कुठे आहे यावर ठरलं होतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तर हे दुपटीने लागू. वरच्या मजल्यावरची बाई तिच्यासाठी परगावीच.

आणि कान. पंगतीच्या गोंगाटात कमी ऐकू येणाऱ्याला शब्द सुटे लागत नाहीत. दोनदा 'काय?' विचारून तिसऱ्यांदा तो नुसता हसून मान हलवतो, आणि मग लोक म्हणतात, आजोबा तुसडे आहेत. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी आणि टाळता येण्याजोगी १४ कारणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली सांगितली, त्यांत कमी ऐकू येणं आणि माणसांपासून तुटणं ही दोन्ही आहेत. पहिल्याने दुसरं ओढवतं. कान तपासून घेणं आणि जेवताना भिंतीकडे पाठ, समोर माणूस, अशी जागा देणं एवढं तरी होऊ शकतं.

## "मराठी आणि कानडी एका टेबलावर कसे रमणार?"

सीमाभागात हा प्रश्न पडणारच, आणि तो उगाच नाही. इथल्या कित्येक वृद्धांच्या डोक्यात १९५६ सालची, हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्याची, आठवण ताजी आहे. भाषेपायी त्यांनी बरंच सोसलं आहे. शिवाय संध्याकाळी टीव्हीवर मराठी मालिका लावायची की कन्नड, यावरून रिमोटची ओढाओढ होते ती वेगळीच.

बेळगावाबाहेरच्या एका आश्रमात मी दोघींना रोज सकाळी एकत्र बसलेलं पाहिलं आहे. एक वडगावची. विणकराच्या घरात कांड्या भरण्यात आयुष्य गेलेलं, कन्नड बाजारापुरतं. दुसरी बैलहोंगलकडची, मराठी समजतं पण बोलताना अडते. दोघींच्या मध्ये मेथीची जुडी. एकीचं म्हणणं कोवळे देठ भाजीत हवेत, दुसरी ते टाकून देते. वडगावची तिच्या हातावर चापट मारून टाकलेले देठ परत परातीत घेते. "ऊट आत्री?" बैलहोंगलची हिला विचारते, म्हणजे जेवण झालं का. "झालं की वो, तुमचं?" प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलते. मधे बराच वेळ कुणी बोलत नाही, आणि त्यात कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही, कारण हातांना काम आहे.

काम पुढ्यात असलं की बोलणं जमवावं लागत नाही, ते मधूनमधून येतं. सौंदत्तीच्या यल्लम्माला आणि चिंचलीच्या मायाक्काला दोन्हीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जातात. अशा ठिकाणांच्या आठवणींवर बोलणं पटकन जुळतं. त्यामुळे मराठी हॉल वेगळा, कन्नड हॉल वेगळा, या मागणीच्या मी विरोधात आहे.

पण याला एक दुसरी बाजू आहे आणि ती दुर्लक्षित राहते. वय वाढून विसरण्याचा आजार जडला की नंतर शिकलेली भाषा काही वेळा आधी निसटते आणि बालपणीची टिकते. हैदराबादेत सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. दोन भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती. म्हणजे दोन भाषा हे आपल्या भागातलं भांडवलच आहे. पण आजार एकदा आला की आयुष्यभर दोन्ही भाषा बोललेला माणूसही एकाच भाषेत आक्रसू शकतो. मग ज्या आजींना आता फक्त मराठी उरलंय त्यांची रात्रपाळीची सेविका फक्त कन्नड जाणणारी असेल, तर दुखतंय कुठे हेही त्यांना सांगता येत नाही. उलट बाजूनेही तेच. म्हणून टेबलावर प्रत्येकाला आपल्या भाषेचं एक तरी माणूस आणि प्रत्येक पाळीत दोन्ही भाषा जाणणारं एक तरी माणूस, एवढा आग्रह धरायलाच हवा. ते शक्य नसेल तिथे पाणी, लघवी, दुखतंय, थंडी, भीती वाटते, असे वीसेक शब्द दोन्ही लिप्यांत लिहून खाटेशेजारी लावावेत.

## "आम्ही दर रविवारी भेटायला जातो की"

जायलाच हवं. पण घरचं माणूस आल्यावर काय बोलतं ते आठवा. गोळ्या घेतल्यास का, जेवलीस का, पाय कसा आहे. या बोलण्यात आई कायम घेणारी असते. बरोबरीच्या माणसाशी बोलताना ती देतेही: सल्ला, चिडवणं, आपल्या ताटातली चटणी. देता येणं ही माणसाची गरज आहे आणि वयाने ती कमी होत नाही.

मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ साली अमेरिकेतल्या एका शुश्रूषागृहात केलेला प्रयोग छोटाच होता. एका मजल्यावरच्यांना सांगितलं की तुमच्या गोष्टी तुम्ही ठरवा, आणि सांभाळायला एक-एक रोपटं दिलं. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपटं दिलं, पण त्याची काळजी नर्स घेतील असं सांगितलं. पहिल्या मजल्यावरचे काही आठवड्यांत जास्त तरतरीत झाले आणि इतरांत जास्त मिसळू लागले.

रविवारच्या भेटीत हे सहज वापरता येतं. कुंद्याचा डबा एकटीपुरता नेऊ नका, चौघींना पुरेल एवढा न्या आणि तिच्या हाताने वाटू द्या. गोड चालत नसेल तर चिरमुरे न्या. शेजारच्या खाटेवरच्या मावशींची विचारपूस करा, पुढच्या खेपेला त्यांच्या नातवाबद्दल आठवणीने विचारा. तुमच्या येण्याने आईचं त्या खोलीतलं वजन वाढलं पाहिजे.

## "बाबांना मुळात माणसंच आवडत नाहीत"

शक्य आहे, आणि ते नेहमी आजाराचं लक्षण नसतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टन्सन यांच्या संशोधनातून दिसतं की पुढे वेळ थोडा उरलाय असं जाणवू लागलं की माणूस नव्या ओळखी वाढवत बसत नाही, मोजकी आणि मनाला रुचणारी माणसं निवडतो. अशा माणसाला बळेच अंताक्षरीत बसवणं हा अन्याय आहे. पेपर वाचणाऱ्या आणखी एका माणसाशेजारी खुर्ची मिळाली तरी त्याचं भागतं.

मात्र पूर्वी बोलका असलेला माणूस गप्प झाला, जेवण कमी झालं, झोप बिघडली, तर तो स्वभाव नव्हे. नैराश्य असू शकतं, कान असू शकतो, लघवी सुटण्याची लाज असू शकते. डॉक्टरांना दाखवायला हवं.

## "तिथे गट पडतात, भांडणं होतात"

होतात. खुर्ची अडवून ठेवणं, नव्या बाईला टेबलावर न घेणं, बोळक्या तोंडाची नक्कल करणं, सगळं घडतं. ज्याचं घर, स्वयंपाकघर, कपाटाची किल्ली सगळं गेलं, त्याच्याकडे 'माझी' म्हणायला ती एक खुर्चीच उरते. तिच्यावरून होणाऱ्या भांडणाला पोरकटपणा म्हणू नये. पण छळाला 'म्हाताऱ्यांचं चालायचंच' म्हणून सोडूनही देऊ नये. आश्रमाच्या माणसांनी मध्ये पडलंच पाहिजे.

सगळ्यात कठोर भिंत असते ती धडधाकट आणि विसरभोळे यांच्यात. ज्यांची स्मृती शाबूत आहे ते स्मृती गेलेल्यांपासून लांब बसतात, कधी टाकून बोलतात. मुळाशी भीती असते: उद्या माझंही असंच होईल. ती भीती समजून घेऊन आजार काय आहे हे सगळ्यांना मोकळेपणाने सांगितलं तर फरक पडतो. आणि भजन एकत्र करावं. स्वतःच्या मुलाचं नाव न आठवणारी माणसंही लहानपणी ऐकलेला अभंग पुष्कळदा पूर्ण म्हणतात. तेवढा वेळ कोण कुठल्या बाजूचा हे पुसलं जातं.

आजोबा-आजींची एकमेकांशी सोबत जुळली तर घरचेच बिथरतात. दोघंही शहाणी, दोघांची संमती, मग आपण कुजबुज करायचं कारण नाही.

## "जीव लावला आणि माणूस गेलं तर?"

ही भीती खरी आहे, आणि तिच्यापायी काही जण मुद्दाम कुणाशी जवळीक करत नाहीत. बऱ्याच आश्रमांत मृत्यू लपवतात. सकाळी खाट रिकामी, चादर बदललेली, विचारलं तर 'घरी नेलं'. उरलेल्यांना सगळं कळतं, आणि हेही कळतं की आपण गेल्यावर आपलंही असंच होणार. फोटोला हार घालून दहा मिनिटं सगळे एकत्र बसले, गेलेल्याबद्दल शेजाऱ्याला दोन शब्द बोलू दिले, तर दुःखाला जागा मिळते.

ज्युलियन होल्ट-लुन्स्टाड आणि सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यास, एकूण ३ लाख ८ हजारांवर माणसं, एकत्र तपासली. नाती घट्ट असलेल्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त आढळली. आजारी माणसाचीच नाती कमी होतात, म्हणून असं दिसत असेल, ही शंका रास्त आहे. पण सुरुवातीची तब्येत कशीही असली तरी हा कल टिकून होता. त्यामुळे दुःखाच्या भीतीने अलिप्त राहणं महागात पडतं, असं मला वाटतं.

## आश्रम बघायला जाताना

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा २००७ सालचा आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० गरीब वृद्धांसाठी निदान एक आश्रम राज्य सरकारने काढावा असं त्याच्या कलम १९ मध्ये आहे. आश्रमांतल्या सेवांचा दर्जा ठरवताना हेच कलम वैद्यकीय मदत आणि करमणुकीची साधनं यांचा उल्लेख करतं. नात्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही. ते आपल्यालाच बघावं लागणार.

सकाळी अकराला, कार्यालय नीटनेटकं असताना, जाऊ नका. दुपारी चारला चहाच्या वेळी जा आणि अर्धा तास नुसते बसा. खुर्च्या कशा मांडल्यात? टीव्ही चालू असताना कुणी कुणाशी बोलतंय का? सेविका माणसांना नावाने हाक मारते की खोलीच्या नंबराने? भाजी निवडायला, फुलं वेचायला, हिशेब लिहायला कुणाला बसू देतात, की 'पडाल' म्हणून उठवतात? रात्रपाळीला कुठली भाषा आहे? नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात पंगतीला कुणाशेजारी बसवतात, आणि ते कोण ठरवतं? शक्य असेल तर आईला आधी थोडे दिवस राहून बघू द्या आणि निर्णय तिचा तिला घेऊ द्या. शक्यतो ती हिंडती-फिरती असतानाच हा विषय काढा, कारण अंथरुणाला खिळल्यावर नवी ओळख करणं फार अवघड जातं.

आणि १४५६७ हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या उशाशी ठेवा. ज्येष्ठांसाठीची ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. आश्रमांची माहिती, पेन्शन आणि कायद्याच्या अडचणी, घरात किंवा आश्रमात होणारा छळ, यांसाठी तर तिथे फोन लावता येतोच, पण नुसतं मन मोकळं करायलाही लावता येतो.